एल्स्पाचा बोर्ड आणि उशिरा आलेले दिवे

एल्स्पा,

नाटकमंडळाला साठ वर्षं होतात म्हणून समितीने पुस्तिका काढायचं ठरवलं आणि तुझ्यावरची पानं माझ्या गळ्यात टाकली. तुला सांगितलं तर म्हणालीस, "माझ्यावर काय लिहिणार? तीस वर्षं मासे कापले, वीस वर्षं बटणं दाबली. झालं की!" आणि वर म्हणालीस, "लिहिलंसच तर गोड गोड लिहू नकोस, मला उचकी लागते." नाही लिहीत. पण 'तू असं केलंस, तू तसं केलंस' अशी तुझ्याशी बोलत बसले, तर दर वाक्याला तू मध्ये तोंड घालणार. तेव्हा आता थोडा वेळ गप्प बस. मी लोकांना सांगते आहे.

आमच्या गावात एल्स्पा तिघी. एक दुकानातली, एक चर्चमागची आणि एक बोटघराजवळची. नाटकाचे दिवे कमीजास्त करायचा बोर्ड ज्या एल्स्पाच्या स्वयंपाकघरात असतो ती ही, बोटघराजवळची.

बोर्ड स्वयंपाकघरात का, असं बाहेरचे लोक विचारतात. दुसरं कुठे ठेवणार? आमचं नाटक होतं शाळेच्या व्यायामशाळेत. तिथे भिंतींना बाराही महिने ओल. बोर्ड आला डेन्मार्कमधल्या एका बंद पडलेल्या नाट्यगृहातून, सोबत जर्मन भाषेतलं जाडजूड पुस्तक. समितीतल्या पाच पुरुषांनी तो टेबलावर ठेवला, चारी बाजूंनी पाहिला, बटणं दाबली, फुंकर मारली. एल्स्पा तेव्हा मासळीच्या कारखान्यात गोठवण यंत्राच्या पॅनेलवर होती. चाळीस बटणं आणि एक भोंगा. तिने पाच मिनिटं हा तमाशा पाहिला आणि म्हणाली, "द्या इकडे. तुम्ही त्याला गुदगुल्या करताय." बोर्ड काखेत मारून ती घरी गेली. त्याला आता वीस वर्षं झाली.

दिव्यांची गोष्ट वेगळी. दिवे आमचे नाहीत. तीन गावांच्या तीन मंडळांत मिळून बारा दिव्यांचा एकच संच, तो लाकडी पेट्यांतून बोटीने फिरतो. आमच्या वाट्याला तो येतो प्रयोगाच्या दिवशी सकाळी आणि दुसऱ्या दिवशी परत जातो. बाकीच्या जगात आधी दिवे टांगतात, मग अंधारात बसून 'हा थोडा वर, तो थोडा खाली' करत, डोळ्यांनी बघत कुठल्या वेळी कुठला दिवा किती ते बोर्डात भरून ठेवतात. एल्स्पाने असं कधीच केलं नाही. ती सगळा हिवाळा एकही दिवा न जोडता बोर्ड भरत आली. बोर्डाच्या छोट्या पडद्यावर बारा आकडे. दिवा एक, सत्तर टक्के. दिवा दोन, चाळीस. दिवा तीन, काही नाही. बस्स. बाकी उजेड तिच्या डोक्यात.

त्याची चाचणी कशी चाले ते मी पुष्कळदा पाहिलं आहे. नवरा सामाल, पूर्वी जहाजावर आचारी, मोरीपाशी मासे साफ करत उभा. समोर नळाला टेकवलेली नाटकाची वही. तो सगळ्यांचे संवाद म्हणायचा, पाद्रीचे, विधवेचे, पोस्टमनचे, सगळे एकाच सुरात, हवामानाच्या बातम्या द्याव्यात तसे. आणि एल्स्पा टेबलाशी बसून बरोबर जागी बटण दाबायची.

"'हाय रे देवा, माझी बोट बुडाली,'" सामाल म्हणायचा.

"इथे थांब जरा. तो रडतो इथे."

"किती रडतो?"

"मला काय माहीत? माणूस बोट बुडाल्यावर रडतो तितका."

सामाल सुरी खाली ठेवून घड्याळाकडे बघत सात सेकंद गप्प उभा राहायचा. मग पुढचं वाक्य. एल्स्पा वहीत 'सात' लिहायची. प्रयोगाला नट नऊ सेकंद रडला तर त्यालाच फैलावर घ्यायची. "सामाल सातात उरकतो. तुला काय धाड भरली?"

अशी आणखी वीस वर्षं चालली असती, पण मागच्याच्या मागच्या वर्षी दुसऱ्या अंकात सगळा रंगमंच चार मिनिटं अंधारात गेला. दोष बोर्डाचा नव्हता. मागे मध्यंतरासाठी केक-कॉफी करणाऱ्या बायकांनी कॉफीची दोन पातेली एकाच प्लगवर लावली आणि फ्यूज उडाला. पण समितीला बायकांना दुखवायचं नव्हतं, केक तर पुढच्या वर्षीही हवेच. म्हणून सगळं बोर्डावर ढकललं गेलं.

मंडळाचा अध्यक्ष तुम्मास. दिवसा पोस्टात, संध्याकाळी रंगमंचावर, आणि दोन्हीकडे आवाज तोच. तो एल्स्पाच्या घरी आला, कॉफीचे तीन कप प्याला, रुबार्बचा, म्हणजे त्या आंबटगोड देठांचा मुरंबा चाटूनपुसून संपवला आणि दारात उभा राहून म्हणाला, "हे बघ एल्स्पा, या वर्षी दिव्यांबरोबर राजधानीतून, तोर्सहावनहून, हानुस येतोय. तिथल्या सभागृहाचा तंत्रज्ञ आहे. शिकलेला आहे."

"येऊ दे. बारा पेट्या उचलायला माणूस लागतोच."

"तसं नाही. या वेळी तूच बस बोर्डवर. पण काही घोटाळा झाला, तर पुढच्या वर्षापासून बोर्ड त्याच्याकडे. तो दिवे आल्यावर, बघून भरेल. जगात सगळे असंच करतात म्हणे."

"जगात सगळे बारा दिव्यांसाठी बोटीची वाट बघतात का?"

"समितीचं ठरलंय," असं म्हणून तुम्मासने टोपी घातली. त्याला वाद नको असला की तो टोपी घालतो.

एल्स्पाने त्या दिवसापासून कंबर कसली. कारखाना बंद पडून सहा वर्षं झालेली, मुलं कोपनहेगनला, सामालचे गुडघे कुरकुरणारे. गावात तिला विचारायला लोक येत ते एवढ्याच एका गोष्टीसाठी. तो बोर्ड गेला असता तर ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर काय ठेवणार होती? फुलदाणी? हे ती कुणाला बोलली नाही. पण शनिवारी आम्ही बायका विणायला जमतो, तिथे त्या हिवाळ्यात ती शाल विणत होती आणि एकदाही कुणाची खोडी काढली नाही. तेव्हाच आम्ही ओळखलं की प्रकरण गंभीर आहे.

नवं नाटक होतं एका पाद्रीचं. एका रात्रीसाठी पाहुणा म्हणून येतो, वादळामुळे बोट सुटत नाही आणि महिनाभर त्या घरात ठाण मांडून बसतो. असले पाहुणे आमच्याकडे घरोघरी होऊन गेलेत, त्यामुळे नाटक लोकांना आवडणार हे ठरलेलंच. पाद्री अर्थात तुम्मास. अठ्ठेचाळीस क्यू, म्हणजे अठ्ठेचाळीस वेळा उजेड बदलायचा.

एल्स्पाने या वेळी सगळं आधी कागदावर उतरवलं. कागद कुठला, तर विणकामाच्या नक्षीचा, चौकटीचौकटींचा. एक ओळ म्हणजे एक क्यू. ओळीत बारा चौकटी, म्हणजे बारा दिवे, उजवीकडून डावीकडे एक ते बारा. दर चौकटीत पेन्सिलने आकडा. मग रोज सकाळी भांडी आवरली की एकेक ओळ बोर्डात. भरून झाल्यावर कागद समोर धरून तिने सगळं तपासलं. तीनदा. सामालने अख्खं नाटक अकरा वेळा म्हटलं. शेवटी तो दुकानात पाव मागतानासुद्धा पाद्रीच्या भाषेत मागायला लागला. एकही बटण चुकलं नाही, एकही सेकंद इकडचा तिकडे झाला नाही.

प्रयोगाच्या दिवशी धुकं. बोट सकाळी नऊला यायची ती आली दुपारी साडेचारला. तिच्यातून बारा पेट्या उतरल्या आणि त्यांच्यामागून हानुस. पंचेचाळिशीचा उंच माणूस, बोट लागल्यामुळे चेहरा हिरवट. आल्याआल्या त्याने विचारलं, "प्रोग्रॅमिंग कधी करायचं? दिवे टांगेपर्यंत सहा वाजणार."

"झालंय," एल्स्पा म्हणाली.

"कशावर?"

"स्वयंपाकघराच्या टेबलावर."

"दिव्यांशिवाय?"

"दिवे तुझ्याजवळ होते ना. तू पाठवले असतेस तर दिव्यांसकट केलं असतं."

हानुस हसला नाही. पेटी उचलून आत गेला. चांगला कामाचा निघाला मात्र. शिडीवर चढला तो उतरलाच नाही. साडेसहाला बारा दिवे टांगून, तारा जोडून तयार. प्रयोग आठला.

मागच्या भिंतीत वर, खिडकीमागच्या खोक्याएवढ्या खोलीत बसून एल्स्पाने बटण दाबलं. क्यू एक. पहाट, उजवीकडच्या चुलीपाशी मंद पिवळा उजेड. बरोबर. तुम्मास विंगेतून म्हणाला, "वा!"

क्यू दोन. आता डावीकडच्या दारातून पाद्री आत येतो. दार काळंकुट्ट. चूल मात्र भर दुपारसारखी झगझगीत.

"हे काय?" तुम्मासचा आवाज अंधारातून आला. "मी इथे आहे, इथे!"

क्यू तीन. बरोबर. क्यू चार. पुन्हा गोंधळ. टेबलाऐवजी भिंतीवरचं घड्याळ उजळलं.

"तारा उलटसुलट लागल्या असणार," हानुस वरूनच म्हणाला. "बोटीने डोकं गरगरतंय माझं. थांबा, बघतो." आणि एकेक तार काढून, नंबर बघून, परत लावायला लागला. वीस मिनिटं गेली. खाली तुम्मास येरझाऱ्या घालत होता. "शिकलेला म्हणे! पेट्या टांगायला शिकलेला नाही! मी समितीला सांगणार आहे, आपली एल्स्पाच बरी. चूक याची आणि अंधारात मी!"

हे सगळं एल्स्पा ऐकत होती. गप्प बसली असती तरी चाललं असतं. अध्यक्षाने स्वतःच निकाल दिला होता, शिडीवरच्या माणसाने स्वतःच कबुली दिली होती. बोर्ड तिचाच राहिला असता, तेही दुसऱ्या कुणी मागायची हिंमत केली नसती असा.

पण तिची बोटं बटणावर चालत होती. पाच, बरोबर. सहा, चूक. सात, बरोबर. आठ, चूक. सरळ, उलट, सरळ, उलट. त्या बोटांनी आयुष्यभर हेच केलं होतं. तिने तो चौकटींचा कागद पुढे ओढला आणि एकदम डोक्यात प्रकाश पडला.

सुयांवर विणताना पहिली ओळ सुलट. नक्षी उजवीकडून डावीकडे वाचायची. ओळ संपली की काम फिरवायचं आणि पुढची ओळ उलट. ती डावीकडून उजवीकडे. हे आमच्या बायकांना कुणी शिकवलेलं आठवत नाही, डोळेच तसे जातात. एल्स्पाचे डोळेही तसेच गेले होते. पहिली ओळ उजवीकडून भरली, दुसरी डावीकडून, तिसरी उजवीकडून. बोर्ड बिचारा दर वेळी एकापासून बारापर्यंत आकडे मागत होता. त्याला काय माहीत बाई शाल विणते आहे! म्हणून दर दुसऱ्या क्यूला उजवीकडचा उजेड डावीकडे आणि डावीकडचा उजवीकडे. तपासतानाही डोळे त्याच वाटेने गेले, त्यामुळे तीनदा तपासून तीनदा सगळं बरोबर. आणि स्वयंपाकघरात दिवाच नव्हता, तर चूक दिसणार कशी?

एल्स्पाने एक असा शब्द उच्चारला जो मी पुस्तिकेत लिहू शकत नाही. मग मोठ्याने म्हणाली, "हानुस, खाली उतर. तारा बरोबर आहेत. मी चुकले."

तुम्मासने डोक्यावर नसलेली टोपी चाचपली.

हानुस शिडीवरून उतरून तिच्या खोक्यात आला, कागद पाहिला. तिने दोन वाक्यांत सांगितलं. "माझी आईसुद्धा अशीच भिंतीवरचं कॅलेंडर वाचायची," तो म्हणाला. "दुसरा आठवडा सोमवारऐवजी रविवारपासून, उलटा सुरू व्हायचा. आम्ही सगळ्या वाढदिवसांना चुकीच्या दिवशी जायचो."

"आईचं नंतर. वेळ किती आहे?"

"सगळे दिवे पूर्ण लावून एकाच उजेडात नाटक करता येईल," हानुस म्हणाला. "तेवढा वेळ आहे. बोर्ड मला दे, दोन मिनिटांचं काम."

"आणि पहाट? आणि वादळ?"

"पहाट नाही, वादळ नाही."

"मग पाद्री महिनाभर राहतो कशाला? उन्हाळ्याच्या सुट्टीला आलाय का?" एल्स्पाने खुर्ची पुढे ओढली. "चोवीस ओळी उलट्या. त्यातल्या दोन्हीकडून सारख्या किती, तू मोज. सात? बरं. उरल्या सतरा. तू वाच, मी भरते. उजवीकडून वाचायचं, दर ओळ. बोटाने दाखवत वाच, तुझा काही भरवसा नाही."

"माझा?" हानुस म्हणाला, पण बसला.

"दोन. काही नाही, काही नाही, दहा, काही नाही, वीस..."

"हळू. मासे मोजतोयस का?"

"चाळीस, सत्तर..."

साडेसातला दारं उघडायची होती. तुम्मासने ती उघडली नाहीत. बाहेर सगळं गाव लोकरीच्या टोप्या घालून दमट धुक्यात पाय आपटत उभं. कुणीतरी दारावर थापा मारल्या, तसा तो फटीतून ओरडला, "पाद्रीची बोट अजून लागली नाही!" बाहेर हशा पिकला आणि लोक आणखी दहा मिनिटं थांबले.

आठला दहा कमी असताना चौदा ओळी झाल्या. उरलेल्या तीन शेवटच्या अंकातल्या, त्या मध्यंतरात. हानुस म्हणाला, "मी बटण दाबतो. तू खाली जाऊन बघ."

"मी बोर्डवरून कधी उठत नाही."

"खालून पाहिल्याशिवाय कसं कळणार बरोबर आहे का ते?"

एल्स्पा उठली. वीस वर्षांत ती खिडकीमागच्या त्या खोक्यातून प्रयोगाच्या वेळी बाहेर आलेली नव्हती. खुर्च्यांच्या मध्ये जाऊन उभी राहिली, हात एप्रनच्या खिशात. हानुसने आठवा क्यू लावला. रिकाम्या टेबलावर खिडकीतून आल्यासारखा निळसर उजेड पडला आणि हळूहळू, बरोबर सात सेकंदांत, मागच्या भिंतीवर सरकला. रंगमंचावर कुणी नव्हतं. हानुसने वरून विचारलं, "ठीक?"

"पुन्हा लाव," ती म्हणाली.

त्याने पुन्हा लावला. तिने पुन्हा पाहिला. मग नाक पुसून म्हणाली, "चौथा पाच टक्के कमी कर. आणि दारं उघड, लोक गोठतील."

प्रयोग झाला. मध्यंतरात सगळं गाव केकवर तुटून पडलेलं असताना ती दोघं तोंडात सुक्या मटणाचा तुकडा धरून उरलेल्या तीन ओळी भरत होती. एक मात्र राहून गेली. शेहेचाळिसावी. तिच्यातली एक चौकट पेन्सिल पुसट झाल्यामुळे हानुसला दोन्हीकडून सारखी वाटली, म्हणून त्याने ती सातांत धरली होती. त्यामुळे शेवटच्या प्रवेशात पाद्री डावीकडे टेबलाशी जेवायला बसला आणि उजेड उजवीकडे चुलीपाशी गेला.

खोक्यात एल्स्पाने डोळे मिटले.

तुम्मास दोन क्षण अंधारात बसला. मग उठला, खुर्ची उचलली, ताटली उचलली, सावकाश चालत चुलीपाशी गेला, बसला आणि त्या पोस्टातल्या आवाजात म्हणाला, "या घरात उजेडसुद्धा चुलीजवळच्यालाच वाढतात वाटतं!"

व्यायामशाळा हसून हसून हादरली. टाळ्या थांबेनात. तुम्मासला साठ वर्षांच्या आयुष्यात एवढा हशा मिळाला नव्हता. पडदा पडल्यावर हानुस त्याच्यासमोर जाऊन म्हणाला, "शेहेचाळीस माझ्याकडून चुकला," आणि एल्स्पा त्याच वेळी म्हणाली, "पेन्सिल माझी होती." तुम्मास दोघांकडे बघून म्हणाला, "चुकला? कोण म्हणतं चुकला? तो तसाच ठेवा." समितीची बैठक पुढच्या आठवड्यात झाली. बोर्डचा विषय कुणी काढलाच नाही.

हानुस दुसऱ्या दिवशी पेट्या घेऊन गेला. जाताना धक्क्यावर त्याने एल्स्पाला विचारलं, "पुढच्या वर्षी पण दिव्यांशिवायच भरणार?"

"मग? तुझी वाट बघत बसू?"

"सुलट ओळींचा कागद वापर."

"तू बोट न लागणारी गोळी वापर."

एल्स्पा, आता बोल. नाही, थांब, एक राहिलं.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, दुकानाच्या पायऱ्यांवर, तू माझी पिशवी धरून ठेवलीस. म्हणालीस, वसंतात हेच नाटक पुन्हा लावणार आहेत, तर हानुसला फोन कर आणि एका प्रयोगाला बोर्डवर बसायला बोलाव. मी विचारलं, तू का नाही करत? म्हणालीस, "मी कशी सांगू? मी सांगितलं तर तुम्मास म्हणेल, एल्स्पा थकली. तूच सांग. तुलाच सुचलं असं सांग. मला एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत खुर्चीत बसून बघायचंय." आणि नंबर लिहिलेला कागद माझ्या हातात कोंबलास. मी "करते" म्हणाले. तू दोनदा विचारलंस, मी दोनदा "करते" म्हणाले. एकदा फोन उचलला, तेवढ्यात दारात कुणी आलं. एकदा वाटलं, हानुस एक रात्र बसला आणि सगळ्यांना आवडला तर? मग वसंत आला, प्रयोग झाला. शेहेचाळिसावा क्यू तसाच ठेवला होता, आणि तुम्मासने खुर्ची उचलली तेव्हा तू वर खोक्यातच होतीस. तू तिसऱ्यांदा विचारलं नाहीस.

फोन मी अजून केलेला नाही.